सेंट लुईसचे जुने न्यायालय

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरात काउंटीचे (म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्याचे) जुने न्यायालय उभे आहे. ऑगस्ट शुतो व जॉन लुकास यांनी १८१६ मध्ये ही जागा न्यायालयासाठीच वापरण्याच्या अटीवर दान केली. आजच्या वास्तूचे काम ग्रीक धाटणीत १८३९ मध्ये सुरू झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळले. लोखंडी सांगाड्याचा भव्य घुमट ही वास्तुकार विल्यम रम्बोल्ड यांची देणगी.

मात्र ही इमारत ओळखली जाते ती ड्रेड स्कॉट खटल्यामुळे. ड्रेड व हॅरिएट या गुलाम दांपत्याने १८४६ मध्ये येथे स्वातंत्र्यासाठी दावा दाखल केला. गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात वास्तव्य झाल्याने आपण मुक्त आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. १८४७ मध्ये पुराव्यातील तांत्रिक त्रुटीमुळे ते हरले; १८५० मध्ये ज्युरीने त्यांना स्वतंत्र ठरविले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५२ मध्ये हा निकाल फिरविला. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर कृष्णवर्णीय व्यक्ती देशाची नागरिकच होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी नव्या मालकाने दांपत्याला याच न्यायालयात रीतसर मुक्त केले. विसंगती अशी, की वारसाहक्काची प्रकरणे निकाली काढताना याच इमारतीच्या पायऱ्यांवर गुलामांचे लिलावही होत.

खटला चाललेले दालन १८५५ च्या फेरबदलांत नाहीसे झाले. १९३० मध्ये न्यायालय अन्यत्र हलले. १९४० मध्ये वास्तू केंद्र सरकारकडे आली. नूतनीकरणानंतर मे २०२५ मध्ये येथील संग्रहालय पुन्हा खुले झाले.