वॉरिंग्टन बाप-लेक आणि माझा फिल्टर

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी माझ्या फिशटँकचा फिल्टर धुतला. धुवायचं तर लख्ख, ही आमच्या घरची शिस्त. तपकिरी, बुळबुळीत झालेला स्पंज मूळचा निळा दिसेपर्यंत नळाखाली पिळला, सिरॅमिकच्या रिंगा ब्रशने घासल्या, कार्बनची नवी पिशवी टाकली. गुरुवारी दोन गोल्डफिशपैकी एक उलटा होऊन तरंगत होता. पाणी मात्र नितळ होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की शेवटचा बदल कोणता केला ते आधी बघायचं, ही आमची रीत. इथे शेवटचा बदल म्हणजे स्वच्छता. ती कशी काय मारेल? या प्रश्नामागे वाचत वाचत मी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनपर्यंत गेलो. तिथे भेटले वॉरिंग्टन बाप-लेक. दोघांचंही नाव रॉबर्ट, आणि दोघंही रसायनतज्ज्ञ.

थोरला वॉरिंग्टन लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत, काम करायचा. 1849 मध्ये त्याने 12 गॅलनच्या काचेच्या भांड्यात पाणी, तळाला वाळू आणि चिखल, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन छोटे गोल्डफिश ठेवले. (दोनच! हे वाचताना मला जरा चरकल्यासारखं झालं.) काही दिवसांनी पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. 1850 मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. पुढे फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या लेखनाने या छंदाला भलताच जोर आला आणि 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालयही उघडलं.

थोरल्याचा हिशोब वायूंचा होता. मासा प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती त्याच्या उलट करते. हिशोब बरोबर, पण अर्धा. मासा कल्ल्यांवाटे अमोनियाही सोडत असतो. अमोनिया दिसत नाही, पाणी गढूळ करत नाही आणि थोड्या प्रमाणातही माशाला मारतो. थोरल्याच्या भांड्यात त्यातला काही वनस्पतींनी शोषला असणार; उरलेला संपवणारं कुणीतरी वाळूत आणि काचेवर होतंच, फक्त त्याच्या हिशोबात नव्हतं.

ते ‘कुणीतरी’ सापडलं ते शेतीच्या आणि सांडपाण्याच्या वाटेने. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यूंट्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. सुमारे 20 दिवस काहीच घडलं नाही, मग अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर ते थांबलं. बागेतली चिमूटभर माती कालवलेलं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झालं. म्हणजे काम वाळूचं नव्हतंच. वाळूवर राहणाऱ्या जिवांचं होतं.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हा धागा पुढे नेला धाकट्या वॉरिंग्टनने. बापाने भांडं मांडलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. त्याने दाखवलं की काम दोन पायऱ्यांत होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्हींचे जीव वेगळे. त्याला वर्षानुवर्षं ते जीव वेगळे काढता आले नाहीत. नेहमीच्या सेंद्रिय खाद्यावर ते वाढतच नाहीत. 1890 मध्ये विनोग्राद्स्कीला ते जमलं. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात जास्त आवडतं: बापाच्या भांड्यातलं निसटलेलं अर्धं उत्तर मुलाने शेतातल्या मातीत शोधलं.

हे कळल्यावर दुकानातलं फिल्टर मीडियाचं कपाट वेगळं दिसायला लागतं. पांढरा कापूस गाळ अडवतो. तो खुशाल टाकून द्यावा. कार्बन रंग, वास, औषधाचा अंश ओढतो, पण अमोनियाला जवळपास हातही लावत नाही आणि काही आठवड्यांत भरून जातो. झिओलाइट गोड्या पाण्यातला अमोनिया खरंच धरतो, पण त्याचीही मर्यादा संपते आणि टाकीत मीठ घातलं तर धरलेला सोडूनही देतो. उरले स्पंज आणि रिंगा. ही त्या जिवांची घरं. घर महागडं असण्यापेक्षा त्यातून पाणी वाहतं राहणं महत्त्वाचं. भोकं गाळाने बुजली की खोक्यावर छापलेल्या क्षेत्रफळाला अर्थ उरत नाही. माझं मत जाड भोकांच्या साध्या स्पंजला. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि तो जंतू मारायलाच घातलेला असतो.

आणखी एक गंमत. 1998 मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या अभ्यासात दिसलं की दुसरी पायरी पुस्तकांतला नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा करतो. 2015 मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटाच करणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यातले काही नेदरलँड्समध्ये, मासे वाढवायच्या यंत्रणेच्या फिल्टरमध्ये. धाकट्याची दोन जिवांची मांडणी जिथे अपुरी ठरली, ती जागा पुन्हा माशांच्याच पाण्यात निघाली.

उरलेल्या गोल्डफिशसाठी मी तेव्हा रोज थोडं पाणी बदलत होतो. ऑफिसातल्या एका मित्राची टाकी चार वर्षं जुनी. त्याच्याकडे डबा घेऊन गेलो आणि त्याचा स्पंज पिळून निघालेलं तपकिरी पाणी घेऊन आलो. त्याला पावसाळ्यातल्या मातीसारखा वास होता. आई म्हणाली, “हे घाण पाणी त्या माशाच्या अंगावर ओतणार?” ओतलं, थेट फिल्टरमध्ये. दहाव्या दिवशी चाचणीच्या नळीत अमोनियाचा हिरवा रंग आला नाही; पाणी पिवळंच राहिलं.