घरचं बी : पूर्वी कसं राखीत, आता कसं पारखावं



बियाण्याची पाकिटं गावोगाव पोचली नव्हती, तेव्हा रत्नागिरीकडच्या घरांत मृगाचं बी घरचंच असायचं. तवसं, पडवळ, दोडका, भोपळा यांच्या मांडवावरचं एखादं जोमदार फळ बियांसाठी वेलीवरच पिकू द्यायचं. त्याचं बी धुवायचं, राखेत घोळायचं, सावलीत सुकवायचं. दोडका तर सालीसकट वाळवून चुलीवर टांगायचा. बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून माळ्यावर जायचं.

ही नुसती रीत नव्हती. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बी जिवंत असतं, हळूहळू श्वास घेत असतं. दमट हवेत ते ओल धरतं, श्वास वाढतो, आतला साठा सरतो आणि बुरशी-कीड लागते. चूल ऊब आणि धूर देई, राख ओल शोषून घेई. पुढे हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने याचा ठोकताळा मांडला : बियातली ओल एक टक्क्याने घटली, की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

पारख मात्र नजरेने व्हायची. पाण्यात तरंगलं ते पोचट, बुडालं ते चांगलं. नवरात्रात घटाखालच्या रुजवणात दाणे कसे उगवतात हेही घरादाराला दिसे. पण शंभरातले किती उगवले, हे कुणी मोजत नसे.

मोजणी सुरू झाली ती फसवणुकीमुळे. जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या थारांट इथे फ्रीडरिख नोब्बे यांनी बाजारातलं भेसळीचं बी पाहिलं आणि १८६९ साली बीजपरीक्षणाचं पहिलं केंद्र काढलं. आपल्या देशात अशी पहिली प्रयोगशाळा १९६१ साली दिल्लीत झाली. १९६६ साली बियाणे कायदा आला. त्यानंतर विक्रीच्या बियाण्याला उगवणीची किमान मर्यादा ठरली : चवळी ७५ टक्के, वांगी ७०, भेंडी ६५, मिरची, दोडका व पडवळ ६०.

आज घरोघरी गॅस आला. चूल गेली, तशी बी सुकवायची जागाही गेली. वाडवडिलांचं बी पुडीत बांधून फळीवर ठेवलं, तर पावसाळ्याअखेर ते मरतं. घरचं वाण एकदा गेलं, की दुकानात मिळत नाही. म्हणून एवढं करा.

बी सावलीत खणखणीत वाळवा. भोपळ्याचं बी वाकवलं की कट्‌कन मोडलं पाहिजे. मगच घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाशी कोरडी राख घालून भरा. ओलसर बी बाटलीत कोंडलं तर ते हमखास कुजतं. बाटलीवर वाण आणि साल लिहा, ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

मेच्या मध्याला पारख करा. सगळं बी नीट मिसळून शंभर दाणे घ्या, थोडंच असेल तर वीस. ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, पाणी साचू देऊ नका. चवळी नि तवसं आठ दिवसांनी, वांगी, मिरची, दोडका नि पडवळ चौदा दिवसांनी, भेंडी एकवीस दिवसांनी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच दाणे धरा. शंभरात ऐंशी आले, तर नेहमीसारखं पेरा. पन्नास आले, तर दुप्पट टोका. तिसाखाली आले, तर दुसरं बी पाहा. पण त्या वाणाचं तेवढंच शिल्लक असेल, तर फेकू नका. सगळं लावा आणि जी रोपं जगतील त्यांचं ताजं बी धरा.

२००१ च्या कायद्याने घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभारली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात परसातल्या बियांचीच होती.

तेव्हा मंडळी, मृगाची वाट पाहू नका. बाटली आजच उघडा, दाणे मोजा.