श्रमिकांचा चित्रपट

कामगार-संघ आपल्या सभागृहांत चित्रपट-महोत्सव कां भरवितात, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षितांस पडतो. त्याचें उत्तर आम्हांस 'सॉल्ट ऑफ दि अर्थ' या अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासांत सांपडतें.

न्यू मेक्सिकोंतील एम्पायर झिंक कंपनीच्या खाणींत १९५० सालीं संप झाला. संपकरी बहुतेक मेक्सिकन वंशाचे. गोऱ्या कामगारांच्या घरांत नळ होते. यांच्या घरांत नव्हते. १९५१ च्या जूनमध्यें न्यायालयानें खाणकामगारांस पिकेटिंगची मनाई केली. मनाई कामगारांस होती, त्यांच्या बायकांस नव्हती! त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, तुरुंगांत गेल्या. घरची चूल पुरुषांकडे आली. १९५२ च्या जानेवारींत संप मिटला.

हॉलिवूडनें बहिष्कृत केलेल्या हर्बर्ट बिबर्मन प्रभृतींनीं यावर चित्रपट काढला. स्थानिक संघाचा अध्यक्ष हुआन चाकोन हाच नायक झाला. नायिका रोसौरा रेव्हुएल्तास हिला चित्रण चालू असतांनाच अटक झाली व मेक्सिकोस परतावें लागलें. १९५४ सालीं चित्रपट प्रसिद्ध झाला, तेव्हां यंत्र चालविणाऱ्या कामगारांच्या संघानेंच तो दाखविण्यास नकार दिला. सबंध देशांत जेमतेम डझनभर चित्रगृहें मिळालीं.

कामगारांचें चित्र कामगारांच्याच हातांनीं अडविलें जावें, ही गोष्ट आम्हांस मालकांच्या विरोधाहून अधिक विचार करण्याजोगी वाटते. पुढें तें चित्र जगलें तें संघांच्या सभागृहांत व विद्यार्थ्यांच्या मंडळांत. १९९२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींतहि त्यास स्थान मिळालें. ज्यास बाजारांत पडदा मिळत नाहीं, त्यास तो समाजानेंच द्यावयाचा असतो.