दुखरं अंग, उदास मन आणि सायकल



सायकल म्हटलं की आपल्याला शाळेचे दिवस आठवतात. तासाच्या भाड्यानं आणलेली सायकल, हाफ पायडल, फुटलेले गुडघे. पुढं पन्नाशी उलटते, कंबर धरायला लागते, गुडघे कुरकुरतात आणि आपण म्हणतो, ‘आता कुठं सायकल!’ हे ‘आता कुठं’ कितपत खरं आहे, एवढंच आज आपण इतिहासात जाऊन तपासणार आहोत.

सुरुवात यंत्रापासून करू. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पायडलची सायकल रस्त्यावर आली तेव्हा तिची चाकं लाकडी होती आणि त्यांवर लोखंडी धाव. खाली दगडी रस्ते. इंग्रजांनी तिला नाव दिलं ते ‘हाडं खिळखिळी करणारी’ या अर्थाचं. म्हणजे सायकलचा इतिहास अंगदुखीपासूनच सुरू होतो! त्यानंतरच्या सुधारणा बघा. १८८२ साली इंग्लंडमध्ये जॉन ब्रूक्स यांनी कातडी सीटचं पेटंट घेतलं, कारण कडक सीटवर बसून त्यांचेच हाल झाले होते. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिनं उंच चाकावरून तोंडावर आपटण्याची भीती घालवली. आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं.

आता गंमत बघा. त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं होतं. ते सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. आजच्या किर्लोस्कर उद्योगाची मुळं त्या दुकानात आहेत. म्हणजे ही लाट आपल्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

यंत्र सुसह्य झालं, मग त्याच्याकडे वेगळी माणसं वळली. त्यांतल्या दोघांना आपण भेटू.

पहिल्या फ्रान्सिस विलर्ड. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या दारूबंदी चळवळीच्या त्या अध्यक्षा. १८९२ साली त्यांची आई गेली. वर्षानुवर्षांची भाषणं आणि प्रवास यांनी शरीर आधीच थकलेलं होतं, त्यात हे दुःख. विश्रांतीसाठी त्या इंग्लंडमध्ये मैत्रिणीकडे राहिल्या आणि वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी सायकल शिकायला घेतली. सोळाव्या वर्षी लांब झगे अंगावर आले तेव्हा त्यांचं पळणं-बागडणं थांबलं होतं. ते थेट आता पुन्हा सुरू व्हायचं होतं.

बरं, शिकल्या कशा? पहिल्या दिवशी तिघा तरुणांनी सायकल धरून ठेवली, तेव्हा कुठं बाई सीटवर चढल्या. मग रोज साधारण पंधरा मिनिटं, असे तीन महिने. आधी पायडल मारणं, मग वळणं, मग उतरणं आणि सगळ्यात शेवटी चढणं. १८९५ साली त्यांनी यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात पराक्रमाचा आव नाही. भीती आहे, डगमगणं आहे, दुसऱ्यांचा आधार घेणं आहे. सायकलला त्यांनी ‘ग्लॅडिस’ असं नावही ठेवलं होतं.

दुसरे लिओ टॉलस्टॉय. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा धाकटा मुलगा वानेच्का लालज्वरानं गेला. त्याला सात वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच वसंतात, पासष्टी ओलांडलेले टॉलस्टॉय मॉस्कोत सायकल शिकू लागले. या वयात, या प्रसंगात हे शोभतं का, असं त्यांच्या भोवतीच्या काहींना वाटलं. यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. दुःख झालं की माणसानं घरात बसून राहावं, ही अपेक्षा आपल्याकडेही ओळखीची आहे, नाही का?

त्या काळात सायकलविरुद्धही भरपूर लिहिलं जाई. पाठीला कुबड येईल, तोल सांभाळण्याच्या ताणानं चेहरा कायमचा ओढल्यासारखा होईल, असे इशारे दिले जात, विशेषतः बायकांना. चेहऱ्याची भीती पोकळ ठरली. पाठीची तक्रार मात्र सगळीच खोटी नव्हती. हँडल फार खाली असेल तर पाठ आणि मान आजही धरतात. पण त्यावरचा उपाय हँडल वर घेणं हा आहे, सायकल सोडणं हा नव्हे.

खरा वाद झाला तो गिअरवरून. टूर दी फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज म्हणायचे की गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांसाठी. चढ चढायचा तो स्नायूंच्या जोरावर! त्यांच्या शर्यतीत डिरेलर गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. उलट सेंट-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसिओ’ या नावानं लिहिणारे, आयुष्यभर गिअरचा पुरस्कार करत राहिले. भूक लागण्याआधी खा, पार दमेपर्यंत चालवू नका आणि केवळ मिरवायला पायडल मारू नका, अशी त्यांची शिकवण. आज साध्या दुकानातही गिअरची सायकल मिळते. म्हणजे जिंकलं कोण, ते आपल्याला दिसतंच आहे.

यातून आपण काय घ्यायचं? सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो, फार वर असेल तर मागच्या. पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवावेत. दुखणं वाढत गेलं, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सायकलनं विलर्डबाईंना बरं केलं नाही. १८९८ साली, ५८ व्या वर्षी त्या गेल्या. आईचं दुःखही सायकलनं पुसलं नसणार. पण रोजची ती पंधरा मिनिटं त्यांची स्वतःची होती, आणि त्यांत त्या पुढं जात होत्या. सायकलचा इतिहास आपण धडधाकट विजेत्यांचा म्हणून वाचतो. तो तितकाच दुखऱ्या माणसांचाही आहे, ज्यांनी यंत्राला आपल्या अंगाप्रमाणे वाकायला लावलं.

तेव्हा जिन्याखाली धूळ खात असलेली सायकल असेल, तर हवा भरून बघू या. सुरुवातीला कुणाला तरी धरायला सांगू. त्यात लाज कसली?