मुंबई ते दिल्ली विमानाने किती वेळ लागतो? तिकिटावर सव्वादोन तास, मग हवेत पावणेदोनच का?

मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. थेट विमानाच्या तिकिटावर या प्रवासाला साधारण दोन तास दहा ते दोन तास वीस मिनिटे दाखवलेली असतात. विमान प्रत्यक्ष हवेत मात्र पावणेदोन तासांच्या आसपासच असते. मग उरलेला अर्धा तास जातो कुठे?

आधी अंतराचे पाहू. १,१४० किलोमीटर म्हणजे दोन विमानतळांमधली सर्वात जवळची रेषा. सुरत, वडोदरा, कोटामार्गे जाणाऱ्या राजधानी एक्स्प्रेसला हेच अंतर १,३८४ किलोमीटर पडते आणि साडेपंधरा-सोळा तास लागतात. विमानही अगदी सरळ रेषेत जात नाही. त्याला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते आणि उतरताना रांगेत थांबावे लागते, त्यामुळे थोडे अंतर वाढतेच.

उंचीवर पोहोचल्यावर विमानाचा वेग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर असतो. नुसता भागाकार केला तर उत्तर येते एक तास वीस-पंचवीस मिनिटे. पण वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, म्हणून पावणेदोन तास.

आता तिकिटावरची वेळ. ती विमान जमीन सोडते तेव्हापासून मोजत नाहीत. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या शहरात गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी चांगलीच रांग लागते. शिवाय कंपन्या हाताशी थोडा जादा वेळ ठेवतात. कारण ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान ‘वेळेवर’ धरले जाते. उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचते ते बहुतेक वेळा याच जोरावर!

वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दिल्लीचा मार्ग दक्षिणोत्तर असल्याने तिथे याचा फरक कमी पडतो. पण मुंबई-कोलकाता या सुमारे १,६६० किलोमीटरच्या प्रवासात परतताना साधारण पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतात.

घरापासून मोजाल तर हिशेब वेगळाच. देशांतर्गत विमानाचे चेक-इन साधारण एक तास आधी बंद होते, बोर्डिंग गेट पंचवीस मिनिटे आधी. शहरातला रस्ता, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट हे सगळे धरले तर पाच-सहा तास सहज जातात. तिकीट जुन्या विमानतळाचे आहे की नवी मुंबईचे, हेही आता बघून घ्या. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर दुसरा गाठेपर्यंत विमान गेलेले असेल.

आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत सकाळी दहाची परीक्षा किंवा मुलाखत असेल तर पहाटेच्या विमानावर विसंबू नका. दिल्लीत धुके असले की विमान मुंबईतच थांबवून ठेवतात, कधी जयपूरला उतरवतात. आदल्या संध्याकाळचे तिकीट काढा.