खुरासानात नसलेली खुरासानी चिंच

धारहून मांडूला चढताना रस्त्याकडेला विक्रेते लहानशा दुध्यासारखी, मखमली लवेची फळं मांडून बसलेले दिसतात. कवच फोडलं की आत तांबूस धाग्यांत गुंतलेले पांढरे, पिठूळ खडे. तोंडात टाकल्यावर खडा आधी खडूसारखा लागतो. विरघळला की जबड्यामागे आंबट कळ उठते. गावात हिला ‘मांडू की इमली’ किंवा ‘खुरासानी इमली’ म्हणतात, मराठीत गोरखचिंच. खुरासान इराणकडे, झाड आफ्रिकेचं, आणि चिंचेशी नातं काहीच नाही. ही तर काटेसावरीच्या गणगोतातली. मांडूच्या सुलतानांच्या काळात ती अरब व्यापाऱ्यांबरोबर आली, असं सांगतात.

पण आपली चिंच तरी कुठली? अरबांनी तिला ‘तम्र हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर, म्हटलं. वनस्पतिशास्त्रातल्या नावातही ‘इंडिका’ चिकटलं. मूळ मात्र तिचंही आफ्रिकेतच. ‘इमली’ हा शब्द तेवढा खरं बोलतो: तो ‘अम्लिका’वरून आला.

गोरखचिंचेत सायट्रिक, मॅलिक, टार्टारिक अशी आम्लांची मिसळ असते. चिंचेत राज्य टार्टारिकचं. गरात साधारण ८ ते १८ टक्के. हे आम्ल १७६९मध्ये स्वीडनच्या शेले या औषधविक्याने वेगळं काढलं, तेही द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणाऱ्या खरपुडीतून. फळांच्या जगात ते इतकं मुबलक सहसा द्राक्षात आणि चिंचेतच सापडतं. गंमत अशी की चिंच पिकली तरी तिचं आम्ल फारसं घटत नाही, साखर तेवढी वाढते. आमटीत गुळाचा खडा टाकणारी सुगरण झाडाचंच अर्धवट राहिलेलं काम पुरं करते.

ही चिंचगुळाची आमटी अठराव्या शतकात धार-देवासला पवारांची गादी आली तेव्हा मराठी घरांबरोबर माळव्यात रुजली असावी. आमटीसाठी कल्हईचं पातेलं हवंच. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ ‘कळकतो’. या एका क्रियापदात अख्खं रसायनशास्त्र आहे. आम्ल धातू विरघळवतं. तेच ताम्हणावर चोळलं की काळपट थर सुटतो, आणि टार्टारिकचे रेणू तांब्याला धरून पाण्यात वाहून नेतात. साखर तपासायच्या फेलिंगच्या निळ्या द्रावणात तांबं खाली बसत नाही, ते याच पकडीमुळे. तिथे टार्टारिकचाच एक क्षार, रोशेल मीठ, घातलेला असतो. प्रयोगशाळेत ही निळी बाटली पाहिली तेव्हा आजीच्या मोरीतला चिंचेचा चोथा कुणी आठवून दिला असता, तर माझे मार्क तरी वाढले असते.

मांडूहून आणलेला गोरखचिंचेचा खडा भिजवून परवा ताम्हणाच्या अर्ध्या भागावर घासला, उरलेल्या अर्ध्यावर चिंच. चिंचेची बाजू आधी उजळली. दुसरीला थोडा वेळ लागला, हातही जास्त दुखला, पण वाळल्यावर दोन्हींतली शीव काही सापडेना.