एंजिन-बदल, मोटारगाडीतील

मोटारगाडीचे मूळ एंजिन काढून तिच्या सांगाड्यात दुसऱ्या बनावटीचे, बहुधा अधिक नवे किंवा वेगळ्या इंधनावर चालणारे एंजिन बसविण्याच्या कामास एंजिन-बदल असे म्हणतात. झिजलेल्या एंजिनाच्या जागी त्याच जातीचे दुसरे एंजिन बसविणे ही केवळ दुरुस्ती होय. तिचा विचार येथे केलेला नाही. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार मुख्यतः हौसेचा असून जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांच्या संदर्भात तो विशेष प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात, विशेषतः सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांत, तो गरजेपोटी रुजला. हौस तेथे फार उशिरा आली.

चालकाची बैठक व मागचा आस यांच्यामध्ये एंजिन असलेल्या गाडीस मध्य-एंजिनी गाडी म्हणतात. सर्वांत जड भाग गाडीच्या मध्याजवळ असल्यामुळे वळणावर ती चटकन दिशा बदलते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीने शर्यतीच्या गाड्यांत ही मांडणी वापरली होती. परंतु तिचा खरा प्रसार झाला तो भंगारातून. इंग्लंडमधील चार्ल्स व जॉन कूपर या पितापुत्रांनी १९४६ साली दोन छोट्या फियाट गाड्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले, चालकाच्या मागे मोटारसायकलीचे ५०० घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन ठेवले आणि साखळीच्या साहाय्याने मागची चाके फिरविली. एंजिन मागे ठेवण्याचे कारण तात्त्विक नव्हते. साखळी जोडण्यास तेच सोयीचे होते. तेरा वर्षांनी, १९५९ साली, कूपर बनावटीच्या मध्य-एंजिनी गाडीतून जॅक ब्रॅबम याने जागतिक विजेतेपद मिळविले व पुढील वर्षीही ते राखले. (नामसाम्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी येथेच नमूद केले पाहिजे, की या कूपर घराण्याचा साताऱ्याच्या कूपर कारखान्याशी काहीही संबंध नाही.)

रस्त्यावर धावणाऱ्या मध्य-एंजिनी गाड्यांतही बहुतेक एंजिने परकीच होती. लोटस यूरोपा (१९६६) हिच्यात रनो १६ या साध्या कौटुंबिक गाडीचे १,४७० घ. सेंमी. चे एंजिन होते. रनो १६ मध्ये ते पुढच्या चाकांना जोडलेले असे. यूरोपात ते उलटे फिरवून मागे ठेवण्यात आले. असे केल्यावर गाडीला पुढे जाण्याचा एक व मागे जाण्याचे चार वेग मिळाले असते. म्हणून भेदक दंतचक्रमालेतील मुकुटचक्र दुसऱ्या बाजूस बसवावे लागले. पोर्श ९१४ (१९६९) च्या चार सिलिंडरांच्या प्रकारात फोक्सवॅगनचे, दे तोमासो पँटेरात (१९७१) अमेरिकन फोर्डचे, तर फियाट एक्स १/९ मध्ये (१९७२) फियाट १२८ या घरगुती गाडीचे १,२९० घ. सेंमी. चे एंजिन होते. अशा गाडीत पुढे एखाद्या हौशी माणसाने होंडाचे दोन लिटरचे नवे एंजिन बसविले, तर तिच्या अभिजाततेचा भंग झाला असे मानणाऱ्यांनी ही वंशावळ ध्यानात घेतली पाहिजे.

मध्य-एंजिनी गाडीत हे काम अधिक अवघड असते. तेथे एंजिन, दंतचक्रपेटी व भेदक दंतचक्रमाला ही एकाच पेटाऱ्यात असतात. त्यामुळे बहुधा नुसते एंजिन बदलून भागत नाही. संपूर्ण पेटारा बदलून मागच्या चाकांकडे जाणारे दंड नव्या लांबीचे घडवावे लागतात. शीतक पुढच्या टोकाला असल्यामुळे पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून नेलेल्या असतात आणि त्यांत हवेचा बुडबुडा अडकल्यास एंजिन तापून निकामी होते. नवे एंजिन विद्युत् नियंत्रकावर चालते. त्याचे संवेदक व तारा जुळविण्यातच पुष्कळदा सर्वाधिक वेळ जातो. शक्ती दुप्पट झाली, तरी गतिरोधक जुनेच राहतात, ही गोष्ट सर्वांत शेवटी लक्षात येते.

दक्षिण महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : या भागातील कारागिरांना एंजिनाची ओळख मोटारीमुळे नव्हे, तर विहिरीमुळे झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना हलविला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. नांगर व कडबा कापण्याचे यंत्र यांच्यापाठोपाठ तेथे पंप तयार होऊ लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने नांगरांपासून आरंभ करून पुढे डीझेल एंजिनांच्या निर्मितीत पाऊल टाकले. (हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य मंत्रीही होते.) पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. कृष्णा व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतील विहिरींवर मोटेच्या बैलांची जागा तेलाच्या एंजिनाने घेतली व वीज पोहोचल्यावर एंजिनाची जागा विद्युत् चलित्राने घेतली. शक्तीचे साधन बदलायचे, पण विहीर, थारोळे व पाट तेच ठेवायचे, ही रीत शेतकऱ्याच्या अंगवळणी पडली होती. एंजिन उघडून दट्ट्याची कडी बदलणारा, इंधनाच्या पिचकारीची फवारणी नुसत्या आवाजावरून पारखणारा मिस्त्री मोठ्या गावात मिळू लागला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर तेलाच्या एंजिनांच्या सुट्या भागांचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला.

मोटारीचे इंधन बदलण्याचा पहिला व्यापक प्रसंग दुसऱ्या महायुद्धात आला. पेट्रोलवर नियंत्रण आल्यामुळे प्रवासी गाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसविण्यात आली व तिच्यातील वायूवर त्या चालविण्यात आल्या. एंजिन तेच राहिले, शक्ती मात्र घटली. चढावर प्रवाशांना उतरावे लागे.

जीप व डीझेल : खरा एंजिन-बदल जीपपासून सुरू झाला. महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी मुंबईत १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. तिच्या पुढील सीजे-३बी या प्रकारात सु. २·२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल एंजिन होते. ते दणकट होते. पण इंधन फार खाई. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. शेती व वाहतूक यांच्यासाठी डीझेलचे दर कमी ठेवण्याचे शासकीय धोरण पुढे कित्येक दशके टिकले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये व डीझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. मधल्या काळात पेट्रोल जीपचा धनी रोज तोट्यात जात असे. महिंद्र कंपनीने स्वतः प्रथम आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातील डीझेल एंजिन जीपला दिले व १९८० नंतरच्या दशकात प्यूजो बनावटीचे २,११२ घ. सेंमी. चे डीझेल एंजिन स्वीकारले. कारखान्याने जे केले, तेच गॅरेजांनी जुन्या गाड्यांत केले.

सांगली, सातारा व कोल्हापूर भागात गावोगाव प्रवासी वाहून नेणाऱ्या खाजगी जीपांना ‘वडाप’ म्हणतात. एस्. टी. ची फेरी चुकलेला विद्यार्थी, बाजारास निघालेली माळवेवाली व दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण यांची अडचण त्या भागवीत. त्यांची कायदेशीर बाजू मात्र नेहमीच लंगडी राहिली. अशा धंद्यात पेट्रोल एंजिन परवडणे शक्यच नव्हते. जुनी जीप घ्यावी, अपघातात मोडलेल्या गाडीचे डीझेल एंजिन आणावे आणि दोन्ही जुळवावीत, हा व्यवहार त्यातून पडला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. एंजिनाच्या प्रचक्राचे घर व दंतचक्रपेटीचे तोंड यांची भोके जुळत नाहीत. म्हणून लेथवर पोलादाची मधली तबकडी कातावी लागते. तिचा मध्य किंचितही सरकला, तर दंतचक्रपेटीचा धारवा थोड्याच दिवसांत घरघरू लागतो. डीझेल एंजिन जड असल्याने पुढचे पाटे बसतात. त्याची थरथर अधिक असल्याने सांगाड्यावरील जुन्या आधारांना चिरा पडतात. आणखी एक अडचण वेगाची. सीजे-३बी च्या आसाचे दंतचक्र-गुणोत्तर ५·३८ : १ इतके मोठे होते, ते भरभर फिरणाऱ्या पेट्रोल एंजिनासाठी योजलेले. सावकाश फिरणारे डीझेल एंजिन त्याला जोडले, की गाडी चढ चढे, पण सपाटीवर पळत नसे. चांगला मिस्त्री म्हणून एंजिनाबरोबर आसाचाही विचार करी. घाईचा मिस्त्री तो करीत नसे आणि त्याच्या हातची गाडी रस्त्यावर आवाजावरूनच ओळखू येई. या कारागिरीची लेखी नोंद जवळजवळ झालेली नाही, ही आपल्या तंत्रविद्येच्या इतिहासातील मोठी उणीव आहे.

कारखान्यांनी केलेले एंजिन-बदल : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ला येथे फियाट ११०० या गाडीची निर्मिती केली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघर माहीत झाली (एंजिन १,०८९ घ. सेंमी.). १९८५ साली या कंपनीने ‘११८ एन्ई’ ही गाडी आणली. तिचे अंग १९६६ च्या फियाट १२४ चे, तर एंजिन जपानच्या निसानचे, १,१७१ घ. सेंमी. क्षमतेचे होते, नावातील ‘एन्’ हे अक्षर निसानचे होय. जुने शरीर व नवे हृदय हा प्रकार गॅरेजात केल्यास फेरफार ठरतो आणि कारखान्यात केल्यास नवा नमुना ठरतो. हिंदुस्थान मोटर्सनेही ॲम्बॅसडरमध्ये जपानी इसुझू एंजिन बसवून ती गाडी २०१४ पर्यंत चालू ठेवली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींपैकी अखेरची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे, रस्त्यावरून गेली. मध्य-एंजिनी स्पोर्ट्‌स मोटारगाडीचा महाराष्ट्रातील ठळक प्रयत्न म्हणजे दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेची ‘अवंती’. ती २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिचे दोन लिटरचे एंजिन रनोचे होते.

कायदा : वाहनाच्या नोंदणीपत्रकावर सांगाडा-क्रमांक व एंजिन-क्रमांक हे दोन्ही असतात; गाडीची ओळख त्या दोहोंनी ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रकातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. नैसर्गिक वायू, वीज इत्यादींकरिता मान्यताप्राप्त संच बसविण्यास सवलत आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास वा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. पण सांगाडा, अंग वा एंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी तीस पात्र नाही. म्हणजे जुन्या गाडीत नवे एंजिन बसविणारा एकीकडे नोंदणी गमावतो, दुसरीकडे पुरातनत्वही.

या कठोरतेमागे कारण आहे. चोरीची गाडी लपविण्याचा सोपा मार्ग म्हणजे एंजिन बदलणे, आणि अपघातात सापडलेल्या वाटसरूस भरपाई मिळते ती विम्याच्या आधारावर. पंपाचे एंजिन जोडून उत्तर भारतात चालविल्या जाणाऱ्या ‘जुगाड’ गाड्या मोटार वाहनाच्या व्याख्येत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले, तेही अशाच संदर्भात. तथापि ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने घडविलेली एकच गाडी तपासून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. भारतातील प्रकार-मान्यता मुख्यतः उत्पादक व संचनिर्माते यांना समोर ठेवून रचलेली आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशा चाचण्यांची प्रमुख संस्था असली, तरी एका गाडीसाठी तिचे दार ठोठावणे गावच्या कारागिराच्या आवाक्यातील नाही.

याचा प्रत्यय सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (ता. कडेगाव) येथे आला. यशवंतराव चव्हाण यांच्या या जन्मगावी एका लोहार कारागिराने भंगारातील सुटे भाग व दुचाकीची यंत्रणा वापरून मुलासाठी जीपच्या आकाराची लहान गाडी घडविली. ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होई. खर्च सु. ६०,००० रुपये आला. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर पसरले. ही गाडी नियमांत बसत नाही, असे स्पष्ट सांगून आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. आपली गाडी देण्यास प्रथम कुरकुरलेल्या कारागिराने अखेर ती दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल पार पडली. लोहाराची गाडी कंपनीने आपल्या संशोधन केंद्रातील संग्रहासाठी घेतली.